आल्याच्या कॅप्सूल आणि बाबांची बंद झालेली गोळी

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६१ वर्षांचे. टाइप टू मधुमेह बारा वर्षांपासून, आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवलेला. मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन २०, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, आणि अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी आल्याच्या कॅप्सूल सुचवल्या, दीड महिना रोज दोन घेताहेत. साखर थोडी कमी आली आहे. मुलगी विचारते: मधुमेहात आलं हृदयाला खरंच चांगलं असतं का, किती घ्यावं, बाकी औषधांशी वाकडं तर नाही ना? आणि अगदी शेवटी एक ओळ: "पाय दुखतात म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी महिनाभर बंद ठेवली आहे, आलं तेच काम करतं म्हणे."

ताई, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत. माझ्या केबिनमध्येही असंच होतं. वीस मिनिटं साखरेवर बोलणं होतं आणि पेशंट दाराची कडी उघडता उघडता म्हणतो, "आणि हो डॉक्टर, ती रात्रीची गोळी मी बंद केलीय." त्या गोळीकडे येतोच. पण आधी आल्याबद्दल, कारण तुम्ही ते प्रामाणिकपणे विचारलं आहे आणि "काही उपयोग नसतो हो" म्हणून झटकून टाकणं बरोबर होणार नाही.

मी गेली सत्तावीस वर्षं सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. आमच्याकडे आलं हे पीक आहे. पेशंट फीबरोबर पिशवीभर आलंही टेबलावर ठेवून जातात. त्यामुळे आल्याशी माझं वैर नाही, आणि आल्याचा गुण या लोकांना मी सांगावा अशी परिस्थितीही नाही.

आल्यात जिंजेरॉल नावाची द्रव्यं असतात. आलं वाळवून सुंठ केली की त्यातल्या काहींचं शोगॉल होतं, म्हणून सुंठ ओल्या आल्यापेक्षा जास्त झोंबते. प्रयोगशाळेत ही द्रव्यं पुष्कळ काही करून दाखवतात: दाह वाढवणाऱ्या काही विकरांना (एन्झाइमना) अडवतात, रक्तातल्या चपट्या पेशी (प्लेटलेट) एकमेकींना चिकटण्याचं प्रमाण कमी करतात, पिष्टाची साखर होण्याचा वेग मंदावतात. जाहिरातीतले बाण काढलेले रंगीत चित्र असते ना, ते इथूनच येतं. पण प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींना जिंजेरॉल थेट मिळतं, माणसाला मिळत नाही. २००८ साली निरोगी स्वयंसेवकांना १०० मिलिग्रॅमपासून दोन ग्रॅमपर्यंत आलं देऊन त्यांचं रक्त तपासलं, तर मोकळं जिंजेरॉल जवळपास कुणाच्याच रक्तात सापडलं नाही. शरीरानं त्याला लगेच दुसरे रेणू जोडून बाहेर टाकण्याच्या तयारीत ठेवलं होतं. त्या जोडलेल्या रूपात काहीच काम होत नाही असं नाही. पण बशीतला निकाल जसाच्या तसा बाबांच्या रोहिणीत, म्हणजे धमनीत, होईल, हे गृहीत धरता येत नाही.

मग माणसांवर काय दिसलं? मधुमेहींवरचे बरेचसे अभ्यास इराणमध्ये झाले, साधारण २०१३ ते २०१५ या काळात. त्यात रोज १.६ ते ३ ग्रॅम सुंठेची पूड कॅप्सूलमध्ये भरून दिली, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण पिठाच्या कॅप्सूल. मुदत दोन ते तीन महिने. माणसं चाळीस, सत्तर, फार तर शंभराच्या आतबाहेर. एका अभ्यासात उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) उतरली, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी उतरली, दाहाचं मोजमाप असलेलं सीआरपी उतरलं. दुसऱ्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड उतरलं, पण साखर आणि एचबीएवनसी जागची हलली नाही. तिसऱ्यात एपोबी नावाचं, रोहिणीत चरबी साठवणाऱ्या कणांची संख्या सांगणारं माप सुधारलं. सगळे एकत्र करून पाहिलं तर कल चांगल्या बाजूला आहे, फरक छोटा आहे, आणि प्रत्येक अभ्यास वेगळ्याच आकड्याकडे बोट दाखवतो. रक्तदाबाचं साधारण तसंच.

इथे एक अभ्यास मला मुद्दाम सांगायचाय, कारण तो आपल्याकडचा आहे आणि तुमच्या वडिलांच्या सगळ्यात जवळचा. १९९७ साली उदयपूरच्या डॉक्टरांनी हृदयाच्या रोहिण्यांचा आजार असलेल्या पेशंटना रोज चार ग्रॅम सुंठ पूड तीन महिने दिली. कोलेस्टेरॉलमध्ये फरक नाही, साखरेत फरक नाही, चपट्या पेशींच्या चिकटण्यातही फरक नाही. मात्र एकाच वेळी दहा ग्रॅमचा डोस दिला तेव्हा चिकटणं स्पष्टपणे कमी झालं. इराणच्या अभ्यासांचा उल्लेख जिथे तिथे असतो, उदयपूरचा कुणी काढत नाही. विकणाऱ्यानं तो का काढावा म्हणा!

आता "साखर थोडी कमी आली" याबद्दल. आपल्याकडे म्हण आहे, सुंठीवाचून खोकला गेला. डॉक्टरांच्या धंद्यात उलटंही होतं: खोकला आपल्या मुदतीनं जातो आणि श्रेय सुंठेला मिळतं. बाबांनी कॅप्सूल कधी सुरू केल्या? फिरायला जायला लागल्यावर. अँजिओप्लास्टीनंतर घरात गोडधोड कमी झालं असेल, रात्रीचं जेवण लवकर होत असेल, वजन दोन किलो उतरलं असेल. या प्रत्येक गोष्टीनं साखर उतरते, आणि दोन कॅप्सूलपेक्षा जास्त उतरते. म्हणूनच अभ्यासात पिठाच्या कॅप्सूल घेणारा दुसरा गट ठेवतात. घरात तो गट नसतो.

पण समजा, आल्यानं एलडीएल आठ-दहा अंकांनी उतरलं. तरी हृदय वाचलं का? साऱ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. रिपोर्टवरचा आकडा सुधारणं आणि हार्ट अटॅक टळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही डॉक्टर मंडळी फार किंमत मोजून शिकलो. टॉरसेट्रॅपिब नावाचं औषध होतं. चांगलं कोलेस्टेरॉल सत्तर टक्क्यांनी वाढवायचं, वाईट पंचवीस टक्क्यांनी उतरवायचं. कागदावर त्याहून सुंदर औषध नव्हतं. २००६ साली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले. रोसिग्लिटॅझोन साखर छान उतरवायचं. मी स्वतः ते लिहून देत होतो. २००७ मध्ये त्यानं हार्ट अटॅकचा धोका वाढत असल्याची शंका पुढे आली आणि २०१० मध्ये भारतात त्यावर बंदी आली. ज्यांना ते दिलं होतं त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून कुणी "हे घेतल्यानं साखर उतरते" म्हणालं की मी विचारतो, बरं, आणि पुढे अटॅक किती आले?

आल्याच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो कुणी तपासलेलाच नाही. हजारो मधुमेहींना चार-पाच वर्षं आलं देऊन अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू मोजणारी एकही चाचणी झालेली नाही. स्टॅटिनचं, म्हणजे बाबांच्या रोसुव्हास्टॅटिनच्या गटातल्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं, तसं नाही. ब्रिटन-आयर्लंडमधल्या २,८३८ मधुमेहींना, ज्यांना तोवर हृदयाचा काही त्रास नव्हता, ॲटोर्व्हास्टॅटिनची रोज फक्त १० मिलिग्रॅमची गोळी किंवा खोटी गोळी दिली. २००४ साली निकाल आला: हृदयाचे आणि मेंदूचे मोठे झटके ३७ टक्क्यांनी कमी, पक्षाघात जवळजवळ निम्मा. फायदा इतका उघड होता की चाचणी दोन वर्षं आधीच थांबवली. आणि ही माणसं तर बाबांपेक्षा कमी धोक्यातली होती. ज्याला एकदा स्टेंट बसलाय त्याला याचा फायदा जास्तच.

घरगुती मसाल्यांची आणि स्टॅटिनची समोरासमोर गाठही घालून झाली आहे. २०२२ साली अमेरिकेत १९० जणांवर अभ्यास झाला. कुणाला रोसुव्हास्टॅटिन ५, कुणाला दालचिनी, लसूण, हळद, माशाचं तेल वगैरेच्या गोळ्या, कुणाला खोटी गोळी. २८ दिवसांत रोसुव्हास्टॅटिननं एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरवलं. बाकी एकही पूरक गोळी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. लसणाच्या गटात एलडीएल उलट थोडं वाढलं. यात आलं नव्हतं, हे नोंदवून ठेवतो, नाहीतर कुणीतरी माझा कान पकडेल.

तर बाबांच्या गोळीकडे. त्यांचे पाय दुखतात, त्यांना खोटं ठरवू नका. स्टॅटिननं स्नायू दुखतात हे खरं आहे. तेवढंच खरं हेही, की २०२० मध्ये गोळीच्या त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना वर्षभर आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही असं दिलं, तेव्हा खऱ्या गोळीवर होणाऱ्या त्रासातला नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खरं होतं, कारण मात्र बहुतेक वेळा गोळीतलं द्रव्य नव्हतं.

आणि मला खरी काळजी दुसरीच आहे. बारा वर्षांचा मधुमेह, हृदयाच्या रोहिणीत अडथळा होऊन गेलेला, आणि आता पाय दुखतात. बाबांना विचारा, नक्की कुठे आणि कधी दुखतं? चार-पाचशे पावलं चालल्यावर पोटरी भरून येते, दोन मिनिटं उभं राहिलं की उतरते, पुन्हा चाललं की पुन्हा येते, असं असेल तर ते पायाच्या रोहिणीतल्या अडथळ्याचं लक्षण असू शकतं. रात्री अंथरुणात तळपाय जळतात, मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही, असं असेल तर मधुमेहानं नसांवर केलेला परिणाम. दोन्ही मांड्या आणि खांदे दिवसभर ठणकतात, जिना चढताना जोर राहत नाही, असं असेल तर मग स्टॅटिनचा विचार करू, सीपीके नावाची रक्ततपासणी करू, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व बघू. पहिला प्रकार निघाला तर काय झालं पाहा: रोहिणी बंद होत चालल्याचं दुखणं आणि त्यावर बंद काय केलं, तर रोहिणी बंद होऊ नये म्हणून दिलेली गोळी! असा एक गृहस्थ माझ्याकडे आला होता, स्वतः आल्याचा बागायतदार. रोज सुंठ, गूळ आणि तुपाची गोळी खाऊन स्टॅटिन सोडून दिलेलं. एलडीएल ६४ वरून १४१ वर. पोटऱ्यांचं दुखणं स्टॅटिन सोडूनही महिनाभर तसंच होतं, हेच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. पायाच्या घोट्याजवळचा आणि हाताचा रक्तदाब ताडून पाहिला, तेव्हा उजव्या पायात अडथळा सापडला. ही तपासणी साधी असते, दहा-पंधरा मिनिटांची, सुईसुद्धा टोचत नाहीत.

स्टॅटिन खरंच सोसत नसेल तर डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, दिवसाआड देता येतं, सोबत इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध जोडता येतं. स्टेंट असलेल्या मधुमेहीचं एलडीएल आम्ही ५५च्या खाली ठेवू पाहतो. तिथवर जाण्याचे चार रस्ते आहेत. कॅप्सूलचा रस्ता तिथवर जात नाही.

औषधांशी वाकडं आहे का, तर थोडं. बाबा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेतात, म्हणजे रक्त गोठणं मुद्दाम मंद केलेलं आहे. चार ग्रॅमपर्यंत आल्यानं चपट्या पेशींवर फार परिणाम होत नाही असं उदयपूरचा अभ्यास सांगतो, पण त्यानंतरच्या अभ्यासांत एकवाक्यता नाही, आणि दोन औषधांवर तिसरी गोष्ट आपण होऊन चढवण्यात शहाणपण नाही. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शौच यातलं काही दिसलं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन. काळी शौच असेल तर थांबायचंच नाही, सरळ दवाखाना गाठायचा. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल मात्र स्वतःहून कधीच बंद करायचं नाही, स्टेंट बसल्यावर पहिल्या वर्षात तर नाहीच. हे मी ओरडून सांगतो असं समजा. जे लोक वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं घेतात, झडप बदललेले वगैरे, त्यांनी आल्याच्या कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नये. जेवणातलं आलं त्यांनाही चालतं.

ग्लिमेपिराइडचा मुद्दा वेगळा. ती गोळी साखर जोरात उतरवते आणि वेळेवर खाल्लं नाही तर फार उतरवते. आल्यानं त्यात किती भर पडते हा वादाचा विषय असेल, पण मी दवाखान्यात जे पाहिलंय ते असं: गोळी घेतली, वर उपाशीपोटी आल्याचा काढा प्यायला, पोट जड झालं म्हणून नाश्ता तासभर पुढे ढकलला, आणि घाम फुटून माणूस खाली बसला. दोष आल्याला देऊ की नाश्त्याला? मी घरच्यांना सांगितलं, दोघांनाही नको, वेळेला द्या. शिवाय आल्यानं छातीत जळजळ वाढते, आणि अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याचं पोट आधीच नाजूक असतं. पित्ताशयात खडे असतील तर जास्त मात्रा टाळावी.

कॅप्सूलबद्दल एक. तुम्ही बाटलीवर लिहिलेलं पाठवलंत: अर्क ५०० मिलिग्रॅम, ५ टक्के जिंजेरॉल. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये २५ मिलिग्रॅम जिंजेरॉल, जर लेबल खरं असेल तर. वर सांगितलेल्या अभ्यासांत बहुतेक वेळा सुंठेची साधी पूड होती, अर्क नव्हता. त्यामुळे "अभ्यासांनी सिद्ध" हे शब्द त्या बाटलीला लागू पडत नाहीत. अशा बाटल्या बहुधा खाद्यपदार्थ म्हणून परवाना घेतलेल्या असतात, औषध म्हणून नाही. लेबल नीट वाचा, बारीक अक्षरात कुठेतरी "औषधी वापरासाठी नाही" असं असेल. आणि मधुमेह किंवा हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ सालच्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे फिरायला येणाऱ्या मंडळींकडून होणारी जाहिरात अशा कंपन्यांना फारच सोयीची. त्याहून वाईट म्हणजे साखरेवरच्या "हर्बल" गोळ्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखं ॲलोपॅथीचं औषध गुपचूप मिसळल्याचे प्रकार जगात अनेक ठिकाणी पकडले गेले आहेत. तुमची बाटली तशी आहे असं मी म्हणत नाही. पण कुठल्याही हर्बल गोळीनं आठवड्याभरात साखर शंभराच्या खाली आली तर आनंद करण्याआधी घाबरा.

स्वयंपाकातलं आलं घ्याच. हिशोब सोपा आहे: ओल्या आल्यात ऐंशी टक्के पाणी, म्हणजे अभ्यासातली दोन ग्रॅम सुंठ साधारण दहा ग्रॅम ओल्या आल्याइतकी, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. आमटीत, भाजीच्या वाटणात, कोशिंबिरीत किसून, ताकात ठेचून एवढं सहज पोटात जातं, आणि सोबत मीठ थोडं कमी टाकलं तरी चव राहते. रक्तदाबाला त्या कमी मिठाचा फायदा कदाचित आल्यापेक्षा जास्त होईल. फसवणूक होते ती चहात. दोन चमचे साखरेचा आल्याचा चहा दिवसातून चार वेळा म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर, आणि आल्याचा तुकडा चार कपांत मिळून एवढासा. आलेपाक तर साखरच आहे, आल्याचा वास लावलेली. गोकुळाष्टमीचा सुंठवडा चिमूटभर घ्या, देव रागावणार नाही.

या आठवड्यात काय कराल: रोसुव्हास्टॅटिन आजपासून परत सुरू करायचं की कमी डोसनं, हे हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लघवी लाल-काळसर झाली असेल तर मात्र गोळी न घेता आधी सीपीके करून घ्या. पायांच्या दुखण्याचं वर्णन कागदावर लिहून न्या, किती पावलांनंतर, कुठे, किती वेळ. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) तपासा. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन या गटातलं मधुमेहाचं औषध बाबांना का नाही, हेही विचारा. मधुमेह आणि हृदयरोग दोन्ही असलेल्यांत या औषधांनी फायदा दाखवलाय, आणि पेटंट संपल्यापासून ती आपल्याकडे बरीच स्वस्त झाली आहेत. ग्लिमेपिराइडचा डोस त्यामुळे कमी करता येईल का, तेही तेव्हाच ठरेल. कॅप्सूलची बाटली सोबत न्या, लपवू नका, डॉक्टर ओरडले तरी चालेल. बाबांचा आग्रहच असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जेवणानंतर घ्या आणि दुसरी कुठलीही गोळी त्यांच्या बदल्यात बंद करू नका. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा दात काढणं ठरलं तर कॅप्सूल दोन आठवडे आधी थांबवा आणि आपण त्या घेत होतो हे त्या डॉक्टरांनाही सांगा, त्यांच्या फॉर्मवर "इतर औषधे" या रकान्यात लोक नेहमी "नाही" लिहितात.